लॅबचा माल

शेवाळलेल्या पाण्याचा वास आला की मला अजून ती साइट आठवते. डिप्लोमानंतर मी सायली गावात, कामगारांच्या खोल्यांच्या साइटवर अप्रेंटिस होते. स्लॅबला ओततो त्याच काँक्रीटचे ठोकळे भरायचे, टाकीतल्या पाण्यात ठेवायचे आणि ताकद तपासायला लॅबला पाठवायचे, असं कॉलेजात शिकले होते. इथे साइटच्या इंजिनिअर साहेबांनी ठोकळ्यांसाठी घमेल्यात वेगळा माल कालवून घेतला, दुप्पट सिमेंटचा. "साहेब, हा स्लॅबचा माल नाही ना?" मी विचारलं. गुटखा चघळत ते हसले. "मॅडम, लॅबचा माल अलगच असतो. चलो, नंबर टाका." बोलताना तोंडातून उडालेला लाल थेंब ओल्या ठोकळ्यावर पडला, तो त्यांनी थापीने तसाच आत घोटला. धुळ्याकडचा मिस्त्री मान खाली घालून मला म्हणाला, "ताई, या खोल्यास्मा आम्हलेच ऱ्हावानं शे." या खोल्यांत तेच राहणार होते, हे मी ऐकलं, आणि खिळ्याने ठोकळ्यावर सुबक अक्षरात स्लॅबचा नंबर, तारीख कोरली. ठोकळे पास झाले, मीही झाले. आता जवळच्या आमलीहून कामावर जाता-येता त्या खोल्यांच्या गॅलरीत वाळणारी झबली दिसतात, आणि साहेबांच्या त्या थुंकीपेक्षा मला माझ्या सुबक अक्षराचीच जास्त किळस येते.