फेराइन म्हणजे मंडळच

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा स्टुटगार्टला आले. नव्वद दिवसांचा व्हिसा आणि एक बॅग, तीही निम्मी चटण्या-पापडांनी भरलेली. पहिला आठवडा ते खिडकीशी बसून होते. मी घरूनच काम करत होते, पण मीटिंगा संपायच्या नाहीत. नवरा त्या वर्षी बर्लिनच्या कामावर, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. बाबा विचारायचे, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "या, शोन." मग बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे, "जेवली म्हणतेय." दोघांच्या मध्ये अशी मी सारखी उभी.

शनिवारी तिची बेसबॉलची मॅच होती. एका मैत्रिणीमुळे तिला हा नाद लागला होता. मी बाबांना विचारलं, येता का?

"शाळेची टीम?"

"नाही, फेराइनची. म्हणजे इथली माणसं मिळून चालवतात. वर्गणी असते, मैदानाचं गवत सगळ्यांनी कापायचं, मोठी मुलं लहानांना शिकवतात."

"म्हणजे मंडळच की," बाबा म्हणाले आणि शर्ट बदलायला उठले.

मंडळ हा शब्द आमच्या घरात साधा नव्हता. सांगलीला आमच्या गल्लीचं कबड्डीचं मंडळ होतं. ज्यांनी पहिल्यांदा माती चाळून मैदान केलं त्यांत माझे आजोबा होते. बाबा पुढे पंधरा वर्षं डावा कोपरा सांभाळत होते, आणि गुडघा गेल्यावर टेबलाशी बसून गुण लिहायचे. मंडळ हरलं की दुसऱ्या दिवशीही आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. लहानपणी मी प्रत्येक सामन्याला बाबांच्या सायकलच्या नळीवर बसून जायचे. बारा वर्षांची झाले तेव्हा एक दिवस ते म्हणाले, "तू आता घरीच थांब." कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढची सहा वर्षं मी मंडळाचे सामने गच्चीवरून ऐकले. मैदान दिसायचं नाही. नुसत्या आरडाओरड्यावरून कोण जिंकतंय ते मला कळायला लागलं होतं.

बेसबॉलचं मैदान शहराबाहेर, द्राक्षमळ्यांच्या खालच्या अंगाला होतं. बाबांनी पहिली दहा मिनिटं क्रिकेट समजून बघितलं आणि वैतागले. "अगं, मारल्यावर बॅट टाकून काय पळतायत?" आमचा संघ त्या दिवशी वाईट हरला. मुलांचे आईबाप घरून विकायला आणलेल्या केकच्या उरलेल्या तुकड्यांचे डबे बंद करून निघायला लागले. बाबा उठले नाहीत. मुलं बेस गोळा करून शेडमध्ये ठेवेपर्यंत बसून राहिले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, "आपला संघ मैदानात असताना उठायचं नाही." एका मॅचमध्ये तो त्यांचा संघ झाला होता.

पुढच्या शनिवारी ते स्वतःहून स्कोअर लिहिणाऱ्या जर्मन आजोबांच्या बाकावर जाऊन बसले. ते गृहस्थ सत्तरीचे, डोक्यावर फेराइनची उन्हानं विटलेली टोपी. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. पण कागदावरचे चौकोन बाबांना कळले. खेळाडू सगळे बेस फिरून परत आला की चौकोन काळा करायचा, चेंडू मारायला तीनदा चुकला की इंग्रजी 'के' लिहायचा. तिसऱ्या शनिवारी जर्मन आजोबांनी पेन्सिल बाबांच्या हातात दिली आणि स्वतः कॉफी आणायला गेले. बाबांनी पूर्ण एक डाव लिहिला. मुलांना त्यांची "शाब्बास!" ही आरोळी इतकी आवडली की आमच्या संघाची सगळी पोरं एकमेकांना "शाबाश, शाबाश" करत सुटली. माझी लेक आधी लाजली, मग उच्चार दुरुस्त करायला लागली.

मी त्या सगळ्यात आया-बायकांबरोबर केकच्या टेबलामागे उभी असायचे. खोटं कशाला सांगू, बाबांना नातीसाठी घसा फोडून ओरडताना बघून मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी हेवाही वाटायचा. तिला जे मिळत होतं ते मला मिळालं नव्हतं, आणि ते देणारा माणूस तोच होता.

एकदा मॅच संपल्यावर जर्मन आजोबांनी मला हाक मारली. त्यांना बाबांशी बोलायचं होतं. त्यांनी सांगितलं की त्यांचा मुलगा याच फेराइनमधून खेळायचा आणि आता नातू खेळतो. मी मराठीत सांगितलं. बाबा खूश झाले. म्हणाले, "त्यांना सांग, आमचंही तसंच आहे. माझे वडील, मग मी, मंडळासाठी." मी जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारबुवांनी मान डोलावली आणि सहज माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" बाबा म्हणाले.

मला ते सांगायचं नव्हतं. पण दोघंही माझ्याकडे बघत होते. "विचारतायत की मग तुमची मुलगीसुद्धा त्याच मंडळात खेळली का."

बाबांनी पेन्सिल बाकावर ठेवली. मीच जर्मन आजोबांना म्हटलं, "नाइन, मी नाही खेळले," आणि केकचे डबे आवरायला गेले.

परतीच्या बसमध्ये लेक मैत्रिणीबरोबर मागे बसली होती. बाबा माझ्या शेजारी. दोन स्टॉप गेल्यावर ते बोलले.

"तू बारा वर्षांची असताना मैदानाबाहेर उभी असलेली काही पोरं तुझ्याबद्दल काहीबाही बोलली होती. माझ्या कानावर आलं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगणार? त्या पोरांना गप्प करायला हवं होतं. ते सोडून मी तुला घरी बसवलं." ते काचेतून बाहेर बघत होते. "सोपं होतं ते."

इतकी वर्षं मी मनात या संभाषणाची तयारी केली होती, आणि वेळ आली तेव्हा मी फक्त त्यांच्या हातावर हात ठेवला.

पुढच्या शनिवारी मी केकच्या टेबलाकडे निघाले तर बाबांनी मोठ्यानं हाक मारली, "इकडे ये. इथे बस." बाकावर दोघांच्या मध्ये जागा केली होती. परत जायच्या आधी आम्हाला असे चार शनिवार मिळाले. त्यात संघ एकदाच जिंकला. बाबांनी मला कागद भरायला शिकवलं, मी चुकले की कपाळाला हात लावायचे.

सांगलीला गेल्यावर डॉक्टरांनी हृदयाचं कारण देऊन त्यांचा प्रवास बंद केला. मग फोन सुरू झाले. मॅच संपायची तेव्हा तिकडे चहाची वेळ असायची. बाबांना जर्मन येत नव्हतं आणि मी भाषांतराला बसले नाही, मुद्दामच. लेकीला मराठीत सांगावं लागलं. "आजोबा, मी तिसरा बेसवर गेला, पण मग आउट झाला." तिकडून बाबा ओरडायचे, "गेले! झाले! आणि घाई कशाला केलीस?" दोन वर्षं प्रत्येक मॅच त्यांनी अशी ऐकली. तिची मराठी त्या फोनवर तयार झाली.

बाबा फेब्रुवारीत गेले. मी एकटीच जाऊन आले, लेकीच्या परीक्षा होत्या.

एप्रिलमध्ये नव्या हंगामाची पहिली मॅच झाली. आमचा संघ हरला. लेक बूट बदलून बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली, सवयीनं फोन काढला, आणि मांडीवर पालथा ठेवून दिला.

"आई, मी आता कोणाला सांगू?"

"मला सांग."

"पण तू तर तिथंच होतीस. सगळं बघितलंस."

"तरी सांग. पहिल्या डावापासून."

मग तिनं सांगायला सुरुवात केली, मराठीत, नाक ओढत, मध्येच हातवारे करत. बस द्राक्षमळ्यांच्या बाजूनं वर चढत होती. आमचा स्टॉप आला तेव्हा ती पाचव्या डावात होती. आम्ही उतरलो नाही.