ठरावातून काढलेली दोन नावं

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या माळावरच्या पारधी वस्तीसमोर बस रीतसर थांबली. सरपंचांनी नारळ फोडला, फोटो झाले... आणि तेव्हापासून माझ्या फोनवर अभिनंदनाचे मेसेज येतायत.

कृपा करून ते थांबवा. का, ते सांगते.

कर्जत तालुक्यातलं आमचं गाव. मी इथल्या हायस्कूलमध्ये शिकवते. मागच्या वर्षी नाताळनंतर आमच्या चर्चच्या आवारात सगळ्या धर्मांच्या लोकांचा स्नेहमेळावा ठेवला होता. दत्ताअण्णा, म्हणजे गावच्या सप्त्यात वीणा धरणारे शेतकरी, प्रेमावर बोलले. मशिदीच्या कमिटीतले युनूसभाई टेलर बोलले. मीही बोलले... बऱ्याच टाळ्या मिळाल्या.

कार्यक्रम संपला, तेव्हा भांडी घासायला आलेली त्या वस्तीवरची शेवंता हात पुसत आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमी समद्या देवांची मान्सं हाय ना? मग आमच्या पोरींसाठी गाडी थांबवा की. रोज समोरनं जाती, थांबत न्हाई."

वस्ती गावापासून पाच किलोमीटरवर. तिथे थांबा मंजूर नव्हता. सहा मुली चालत शाळेला यायच्या. त्यातल्या दोघी माझ्याच वर्गात... आणि उशीर झाला म्हणून मी त्यांना कितीदा बाहेर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही वस्तीसमोर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. अण्णांनी हात केला आणि बस थांबली. मुली चढल्या. इतकं सोपं होतं ते.

मग तिघांनी वार वाटून घेतले. हात दाखवायचा, मुलींना चढवायचं आणि स्कूटीवरून शाळा गाठायची. युनूसभाई आपल्या वाराला दुकान उशिरा उघडायचे. ज्या दिवशी आमच्यातलं कुणीच जाऊ शकायचं नाही, त्या दिवशी बस सरळ निघून जायची. मुलींनी हात करून उपयोग नसायचा... आम्ही केला की व्हायचा.

असा आमचा ग्रुप झाला. व्हॉट्सअॅपवर अण्णांनी त्याला नाव दिलं, 'बस थांबा'. गावात मात्र वेगळीच नावं पडली. मी मुलींना बाटवतेय म्हणे. युनूसभाईंबद्दल जे बोललं गेलं, ते इथे लिहिणार नाही. अण्णांना घरच्यांनीच विचारलं, तुम्हाला दुसरी माणसं मिळाली नाहीत का...

कायमच्या थांब्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. अर्ज युनूसभाईंनी लिहिला, कारण आमच्यात अक्षर त्यांचंच चांगलं. खाली तिघांच्या सह्या.

सरपंचांनी अर्ज दोनदा वाचला. "काम चांगलं हाय मॅडम. पन ही दोन नावं काढा. एकट्या अण्णांचं ऱ्हाऊ द्या. गावात उगं चर्चा होती. मला समद्यांना घेऊन चालावं लागतं."

अण्णा ताडकन उठले. "मग माझंबी काढा!"

"मग ठराव कुनाच्या नावानं मांडू?"

युनूसभाई तिथे नव्हते. त्या दिवशी त्यांचा वार होता... ते माळावर उन्हात बसची वाट बघत उभे होते.

आणि मी म्हणाले, "काढा दोन्ही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझं नाव काढायचा हक्क मला होता. युनूसभाईंचं काढायचा नव्हता. एक फोन पुरला असता... तोही मी केला नाही. नवा अर्ज मीच टाईप केला. अण्णांनी मान खाली घालून सही केली.

ठराव पास झाला आणि काही महिन्यांत थांबा मंजूर झाला. सोमवारच्या फोटोत अण्णांना दंडाला धरून मधोमध उभं केलंय. मी कडेला आहे. मुली बसच्या खिडकीतून बघतायत. युनूसभाई नाहीत.

त्यांना सगळं कळलं होतं. पंचायतीतली गोष्ट गावात कितीशी लपते. सोमवारीच संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. ते शाळेचे युनिफॉर्म शिवत होते. मशीन थांबवून त्यांनी मला स्टूल दिलं.

"पोरी गेल्या ना बसनं?"

"गेल्या."

"मग झालं तर."

मी म्हणाले, "भाई, माझं चुकलं. पण तसं केलं नसतं तर थांबा मिळाला नसता..."

ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारलं असतं ना, तर मीच म्हटलं असतं काढा. नावाचं काय एवढं." आणि पुन्हा मशीन सुरू केली. मी बसूनच होते. त्यांनी वर बघितलं नाही.

घरी आले तर ते ग्रुपमधून बाहेर पडले होते.

काल मीटिंग होती. वस्तीवरच्या रेशन कार्डांचं काम काढायचं होतं. मी आणि अण्णा समोरासमोर बसलो... अर्ज कुणी लिहायचा हेही विचारलं नाही एकमेकांना. शेवंता आली. तिनं चौफेर बघितलं. "टेलरदादा न्हाई आले व्हय?"

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हणाले, "त्यांना काम असेल."

गावानं आमची नावं काढली, ते मला नवीन नाही. माझ्या आजोबांपासून ऐकत आलेय. पण ह्या वेळी ते माझ्या तोंडून झालं, आणि चांगल्या कामासाठी झालं म्हणून कुणी मला बोलतही नाही... उलट अभिनंदन करतात.

युनूसभाई, हे तुमच्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. थांबा मिळाला असता किंवा नसता. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.