बकऱ्यांनी खाल्लेला डोंगर

पाचवीच्या पोरांना इंग्रजी यावं म्हणून मी एक गोष्ट रचली होती. ती इतकी मन लावून शिकवली की आजही तिची लाज वाटते.

साठ-एकसष्टचा सुमार. आर्णीच्या अलीकडचं गाव, शाळेमागे डोंगर. त्यावरचा साग ठेकेदाराचे ट्रक रोज उतरवत होते. पुस्तकातल्या धड्यांत पोरांचं मन रमेना, तेव्हा वाटलं, समोरचा डोंगरच शिकवावा. लोभी ठेकेदार झाडं तोडतो, नाला आटतो, गाव पाण्यासाठी वणवण करतं, अशी सोपी गोष्ट लिहिली. हेडमास्तरांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"मास्तर, शाळेवरची टिनं कोनं देल्ली, माहीत आहे न तुम्हाले? ठेकेदार काढा यातून. दुसरं काही टाका."

नोकरी नवी होती आणि अंगात धमक नव्हती. ठेकेदाराच्या जागी मी बकऱ्या घातल्या. 'गोट' हा शब्द लहान, फळ्यावर चित्रही काढता येतं, अशी स्वतःची समजूत घातली. "द गोट्स एट द हिल," म्हणजे बकऱ्यांनी डोंगर खाल्ला, हे वाक्य वर्ग पाढ्यासारखं म्हणू लागला. तपासणीला आलेले साहेब माझी पाठ थोपटून गेले. मीही फुगलो.

वर्गात तांड्यावरची एकच मुलगी होती. सगळ्यांत स्वच्छ उच्चार तिचे. तिच्या बापाच्या बकऱ्या होत्या, म्हणून मधल्या सुटीत पोरं तेच वाक्य तिच्यामागे ओरडत फिरायची. मला ऐकू यायचं. मी म्हणायचो, चला, इंग्रजी तर बोलतात!

दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. एका रविवारी मी तांड्यावर गेलो. बापानं खाट टाकली, पाणी दिलं. अंगणातलं बकऱ्यांचं कुंपण रिकामं होतं.

"इकल्या सगळ्या," तो म्हणाला. "पोरगी रडे, गुरुजी. म्हने, आपल्या बकऱ्यानं डोंगर खाल्ला, पानी आटलं. म्या म्हटलं, असं कसं? तं म्हने, गुरुजीनं शिकवलं. मंग तुमी काय खोटं सांगान?"

ते घर बकऱ्यांच्या दुधावर आणि करडांवर चालत होतं, हे न सांगताही दिसत होतं.

"मग पोरगी कुठं आहे आता?"

"मायसंगं कामाले जाते. ठेकेदाराकडे, डोंगरावर. तोडलेल्या सागाच्या साली काढायले."

खरं सांगायची तीच वेळ होती. गोष्ट खोटी आहे, डोंगर तुझ्या बकऱ्यांनी खाल्ला नाही, पोरीला शाळेत धाड, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण तेवढ्यात त्या माणसानं हात जोडले.

"गुरुजी, आता तं बकऱ्या नाहीत. डोंगर कवा हिरवा होईन?"

"होईल," मी म्हणालो. "थोडा वेळ लागेल."