शपथेचा तिसरा दिवस

मोहफुलांच्या दारूचा वास आला की अजूनही मला पवनारची ती दुपार आठवते. व्यसनमुक्तीच्या कामात मी नवा समुपदेशक होतो, आणि सकाळपासून मोहाची पिणाऱ्या एका गवंड्याला मी पवनारात सगळ्या गावासमोर शपथ घ्यायला लावली, आजपासून थेंबही नाही. टाळ्या झाल्या. एकदम सोडली तर अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतं, हे मी वाचलं होतं, तरी त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको धावत आली. "सर, चला लवकर, ते भितीवरचे मुंगळे झाडून राह्यले, अन् भितीवर तं काईच नाई!" तो घामानं निथळत होता. मला पाहून म्हणाला, "सर, शपथ नाई मोडली मी." आणि त्याला झटका आला, डोळे फिरले, दातखीळ बसली. ऑटोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन वर्ध्यापर्यंत मी फक्त त्याचा श्वास ऐकत होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "एकदम कोणी बंद करायला लावली?" मी म्हणालो, "त्यानंच सोडली." बायको माझ्याकडे पाहत राहिली. तो वाचला. आता मी नव्या समुपदेशकांना शिकवतो, आधी डॉक्टर, मग शपथ. पण त्या दुपारी मी खोटं बोललो, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.