एकानंतर सहा

या शहरात नदीकाठी बोटीचे सात धक्के आहेत. प्रवाहाबरोबर खाली निघालं की ते या क्रमाने लागतात: चार, एक, सहा, दोन, सात, तीन, पाच. जो धक्का आधी बांधून झाला त्याला आधीचा नंबर, असा साधा हिशेब होता. ज्या अभियंत्याने तो केला तो शंभरेक वर्षांपूर्वीच वारला, त्यामुळे त्याला तोंडावर बोलायची सोय उरलेली नाही. त्याला बोलायचं ते सगळं एक नंबरच्या धक्क्यावर, चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईंना ऐकून घ्यावं लागे.

त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. जलवाहतूक खात्यात त्या टंकलेखिका म्हणून लागल्या. पुढे खिडकीवरची बाई रजेवर गेली म्हणून त्यांना आठवडाभर तिथे बसवलं, ते सव्वीस वर्षं उठवलं नाही. खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी गोल भोक होतं. ते अशा उंचीवर पाडलेलं होतं, की विचारणाऱ्याने कमरेत वाकावं आणि सांगणाऱ्याने मान वर करावी. लांबून पाहणाऱ्याला वाटे, काय हा बाईंचा मान! जवळ गेलं की भ्रम फिटे.

"बाई, संग्रहालयाला कुठे उतरायचं?"

"सहा नंबर. पुढचाच धक्का."

"पुढचा दोन ना?"

"पुढचा सहा. एकानंतर सहा येतो."

"मग दोन, तीन, चार, पाच कुठे गेले?"

"दोन सहाच्या पुढे. तीन साताच्या पुढे. पाच शेवटी. चार मागे राहिला."

यावर प्रवासी बाईंकडे जरा दयेने बघायचा. "तुम्ही नवीन आहात का इथे?" मग तो दारातल्या पहारेकऱ्याकडे जायचा. पहारेकरी म्हणायचा, "बाई सांगतात तसंच आहे," आणि प्रवाशाचं समाधान व्हायचं. आपलं बोलणं पहारेकऱ्याच्या तोंडून फिरून आल्याशिवाय खरं ठरत नाही, हे बाईंनी मान्य केलं होतं. माफ केलं नव्हतं.

लोक जुनं शहर बघायला लांबून लांबून येत. चारला जुना दगडी पूल, एकला घड्याळाचा मनोरा, सहाला संग्रहालय, दोनला राजवाडा, साताला जकातघर, तिनाला बाजार. पाचला मोठं रुग्णालय होतं. तिथे हौसेने कुणी जात नसे, आणि म्हणूनच तिथे जाणाऱ्यांची चूक बाईंना सहन होत नसे. राजवाड्याऐवजी जकातघर बघून माणूस परत गेला तर इतिहासाचं काही नुकसान होत नाही. पण चार नंबरला बसलेला पेशंट 'पुढचाच पाच' म्हणून बाकावरून उठून दाराशी उभा राहायचा, आणि तो पुढचा पाच पाऊण तासाने यायचा.

घरी बाईंचे यजमान होते. शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, शांत, आणि बाईंच्या मते गरजेपेक्षा जास्त शांत. "अगं, मीठ कुठंय?" असं त्यांनी विचारलं, की आतून उत्तर यायचं, "वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा डबा. आणि अहो, तिसरा म्हणजे खरंच तिसरा!"

निवृत्तीला सात महिने राहिले तेव्हा बाईंचे चौदा अर्ज झाले होते. विषय सगळ्यांचा एकच: धक्क्यांना एक ते सात असे ओळीने नंबर द्यावेत. मागणी इतकी सोपी होती, की खात्याला तिच्यात काहीतरी डाव असावा असं वाटे. पहिल्या अर्जावर 'पाहू' असा शेरा आला, पाचव्यावर 'पाहिले', आणि नवव्यावर शहराच्या वारसा समितीचं दोन पानी पत्र आलं. समितीचे अध्यक्ष इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी लिहिलं होतं, की धक्क्यांचे क्रमांक हा शहराच्या ऐतिहासिक वारशाचा भाग असून त्यांतून नगररचनेचा विकासक्रम उलगडतो. बाईंनी ते पत्र यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"उलगडतो म्हणे! बोटीत उभ्या असलेल्या माणसाला विकासक्रम उलगडून घ्यायचा नसतो हो. त्याला उतरायचं असतं."

"मग आता सोडून दे ना गं."

"सोडते की. सात महिन्यांनी सोडणारच आहे. पण त्या दिवशी एक तरी परका माणूस कुणाला काही न विचारता जिथे जायचंय तिथे जाऊ दे. मग माझं काही म्हणणं नाही."

यजमानांना हे पटलं नाही. बाईंचं काही म्हणणं नाही, असा दिवस त्यांनी पाहिलेला नव्हता.

पंधराव्या अर्जाच्या वेळी खात्यात नवे अधीक्षक आले होते. तरुण होते, आणि आल्या आल्या स्वतः बोटीने फिरून चुकीच्या धक्क्यावर उतरले होते. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं अगदी बरोबर आहे. हे करून टाकू."

सव्वीस वर्षांत या वाक्याची बाईंनी तयारीच केलेली नव्हती.

काम चार महिन्यांत झालं. समितीने मात्र एक अट घातली: पाटीवर जुना क्रमांकही हवा, आणि तो नव्यापेक्षा लहान नको. अधीक्षकांनी मान्य केलं. त्यांना वाटलं, तेवढ्याने काय होतंय! अशा रीतीने बाईंच्या धक्क्यावर 'नवा २, जुना १' अशी पाटी लागली. तीन आणि सहा यांनी आपसांत नंबर बदलले. पाच आणि सात यांनीही बदलले. पाटी रंगवणाऱ्याने 'नवा' आणि 'जुना' ही अक्षरं बारीक काढली आणि आकडे हातभर मोठे, कारण अट आकड्यांपुरतीच होती.

नावाडी जुने नंबर ओरडत. तिकिटावर नवे छापलेले होते. दुकानांतून विकले जाणारे शहराचे नकाशे जुन्यावर होते, आणि संपेपर्यंत जुन्यावरच राहणार होते.

"संग्रहालय?"

"नवा तीन, जुना सहा."

"पुढे आणखी एक सहा आहे म्हणतात ना?"

"तो नवा सहा. म्हणजे जुना तीन. तिथे बाजार आहे."

"पण नकाशात बाजार तीनलाच आहे."

"तेच सांगतेय हो मी!"

आता माणसं पहारेकऱ्याकडे गेली की पहारेकरी हात जोडायचा आणि खिडकीकडे बोट दाखवायचा. ज्या बाईंना एक वाक्य पुरत असे, त्यांना आता एका प्रश्नाला चार लागू लागली. रांग मनोऱ्यापर्यंत जाई. खात्यातली मंडळी येता-जाता म्हणत, "काय बाई, आता सोपं झालं असेल ना?" आणि हे म्हणताना एकाचाही चेहरा हलत नसे. बाई घरी येऊन पाणी न पिता बसून राहत. यजमान मीठ स्वतः शोधत.

निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. यजमानांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे बाईंच्या नणंदेला, रुग्णालयात डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. सकाळी नऊची वेळ. ताई बाहेरगावच्या, स्वभावाने स्वतंत्र. "मला न्यायला यायची गरज नाही, मी काय लहान आहे?" असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं. बाईंनी त्यांच्याकडून तीन वेळा घोकून घेतलं: सात नंबरला उतरायचं. नवा सात.

ताई सातला उतरल्या. म्हणजे जिथे मोठा सात दिसला तिथे उतरल्या. तो जुना सात होता. एका डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आलेला आणि दुसऱ्यावर सगळी मदार, अशा अवस्थेत 'जुना' हे बारीक अक्षर त्यांना दिसायचं काही कारण नव्हतं. समोर मोठी दगडी इमारत होती, फाटक बंद होतं. रुग्णालय अजून उघडायचंय असं समजून त्या जकातघराच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. साडेअकराला जकातघर दाखवणारा माणूस आला आणि तिकीट मागू लागला, तेव्हा प्रकार उघडकीला आला. डॉक्टरांनी पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली.

संध्याकाळी ताई बाईंच्या घरी कोचावर बसल्या होत्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. तशी गरजही पडत नसे.

"अगं, तू सांगितलंस तसंच केलं मी."

"ताई, मी नवा सात म्हटलं होतं."

"पाटी अगदी नवीकोरी होती. मला वाटलं, हाच तो नवा."

यजमान खिडकीतून बाहेर बघू लागले. बाई स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अधीक्षकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. अधीक्षकांचेही हाल चालले होते. त्यांच्या टेबलावर तक्रारींचे दोन गठ्ठे होते, एक जुन्या नंबरवाल्यांचा, एक नव्या.

"बाई, एक मार्ग आहे," ते चाचरत म्हणाले. "समिती दोन्ही नंबर ठेवा म्हणते. नाहीतर पुन्हा फक्त जुने. फक्त नवे काही देत नाही. पण जुन्यावर जायचं तर मूळ मागणी मागे घेतल्याचं लेखी लागेल. म्हणजे, तुमचं."

"मी चुकले असं लिहून द्यायचं?"

"तसं नाही हो. 'अनुभवांती गैरसोयीचे आढळल्याने' असं लिहू."

बाई खुर्चीवर बसल्या. सव्वीस वर्षांत त्या अधिकाऱ्यापुढे न सांगता बसल्याची ही पहिलीच वेळ. चुकीचे असले तरी एकच नंबर असलेले धक्के परवडले, हे कालपासून त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. त्यांनी कागद ओढला, तेवढं लिहून सही केली, आणि पेनला टोपण न लावता विचारलं, "साहेब, समितीचा अधिकार कशावर आहे?"

"धक्क्यांच्या क्रमांकांवर."

"नावांवर?"

"नावं कुठे आहेत धक्क्यांना?"

"नाहीत. म्हणूनच विचारतेय. नियमात नावाचा शब्द नाही. पाठ आहे मला तो. पाटीवर आकडा राहू दे वर, जुनाच, समितीला हवा तेवढा मोठा. खाली हातभर उंच अक्षरात 'संग्रहालय' लिहिलं, 'बाजार' लिहिलं, तर कुणाची परवानगी लागेल?"

अधीक्षकांनी नियमाचं पुस्तक काढलं. दोनदा वाचलं. मग ते हळूच म्हणाले, "रंगारी मिळायला महिना लागेल. निविदा काढावी लागते."

"माझ्या घरी एक आहे," बाई म्हणाल्या. "फुकट बसलेला."

यजमानांनी काम आनंदाने घेतलं, हीच अडचण झाली. त्यांना अक्षर वळणदार हवं होतं. 'राजवाडा' या शब्दावर त्यांनी एक दिवस घालवला. बाई रंगाचा डबा धरून शेजारी उभ्या.

"अहो, लोकांना वाचायचंय, फ्रेम करून लावायचं नाहीये."

"घाईने काढलेलं अक्षर लांबून फाटतं गं."

"आणि हळू काढलेलं माझ्या निवृत्तीनंतर वाळतं."

खात्याने नवे नंबर पुसून घेतले. पुलापासून एकेक धक्का करत बाई आणि यजमान खाली सरकत गेले. बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी टाकलेल्या अर्ध्या दिवसाच्या रजेत, शेवटच्या धक्क्याची पाटी पूर्ण झाली: वर पाच, तोही यजमानांनी हौसेने वळणदार काढून घेतलेला, आणि खाली नदीच्या मध्यावरून दिसेल असं 'रुग्णालय'. पाटी मागे कमानीला टेकवून ठेवली होती, रंग ओला होता. तेवढ्यात बोट लागली. हातात कागद घेतलेला एक म्हातारा माणूस दाराशी आला, पाटी वाचली, ओठ हलवत पुन्हा वाचली, आणि उतरलाच नाही.

"या ना," बाई म्हणाल्या. "कुठे जायचंय?"

"रुग्णालयात."

"मग हेच ते! लिहिलंय की एवढं मोठं."

"ते दिसलं हो." त्याने कागद पुढे केला. "पण मला पाच नंबरला उतरायला सांगितलंय."

"हाच पाच. तो काय वर."

"तो होय? मला वाटलं नक्षी आहे."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी आकड्याच्या शेपटीकडे पाहिलं. नावाडी ओरडला, "आजोबा, उतरताय की नेऊ परत?"

"नक्की ना, बाई?" म्हातारबुवा म्हणाले.

"नक्की." बाईंनी रंगाचा डबा खाली ठेवला आणि हात पुढे केला. "चला, दारापर्यंत येते मी." आणि म्हाताऱ्याला हाताला धरून फाटकाकडे वळता वळता त्या मागे न बघता म्हणाल्या, "अहो, तो पाच जरा माणसांना कळेलसा काढा."