धर्मीबायच्या गाठी

देसाई मॅडमनी धर्मीबायला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाची भीड ठेवीन असं कुणाला वाटायला नको. धर्मीबायला जाऊन महिना झाला. ती असती तर तिने मला हे लिहू दिलं नसतं. "जाऊ दे गो," म्हणाली असती. आता अडवायला ती नाही.

बातमी आली तेव्हा मी वाशीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एका बाईशी हंड्यावरून हुज्जत घालत होते. धर्मीबायची सून पायरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावर पाटी नाही, हात मोकळे. करावे गावातून ती मासळीशिवाय वाशीत आलेली मी कधी पाहिली नव्हती. "आई गेली," ती म्हणाली. "दोन दिस ताप होता, बस." मी त्या बाईला हंडा तिने मागितला त्या भावात देऊन टाकला. माझ्या धंद्यात असं त्याआधी एकदाही झालं नव्हतं.

मी मराठवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात गाव सुटलं आणि वाशीत इमारती उठत होत्या तिथे विटा वाहायला लागले. मग इमारतींत माणसं राहायला आली तशी मी विटांची पाटी टाकून भांड्यांची टोपली उचलली. जुने कपडे घ्यायचे, स्टीलचं भांडं द्यायचं. दोन साड्या आणि एक पँट दिली की बाई पातेलं मागणार, मी वाटी दाखवणार, शेवटी डब्यावर सौदा पटणार. या धंद्याचा एक नियम मी पहिल्याच वर्षी शिकले. सौदा झाला आणि गाठोडं बांधलं की ते पुन्हा उघडायचं नाही. उघडलं की समोरच्या बाईला एखाद्या साडीची आठवण येते आणि सौदा मोडतो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझा घात केला आहे.

धर्मीबाय त्याच इमारतींत मासळी विकायची. वयाने माझ्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी. तिच्या घरची शेतं आणि मिठागर नव्या शहराखाली गेलेलं, आणि त्याच जमिनीवरच्या जिन्यांत ती बोंबील घेऊन चढायची. पहिल्या दिवशी तिने जिन्यात माझ्या गाठोड्यातून एका फाटक्या हिरव्या साडीचा काठ ओढून काढला.

"ह्यो माना दे."

"फुकट देऊ? तुझी पापलेटं दे दोन."

"पापलेटाचं नाव काढू नको. बोंबील घे, नाय तर तुझा काठ तुझ्याजवल ठेव नि त्याचं कालवन कर."

मी बोंबील घेतले. घरी जाऊन पाहते तर काठ दोन गेले होते. दुसऱ्या दिवशी तिला गाठून खूप बोलले. ती नुसती हसली आणि म्हणाली, "तू मोजलंस म्हंजे हुशार हायेस. आपलं जमंल."

जमलं. फाटकी, कुणी न घेण्यासारखी साडी मी तिच्यासाठी बाजूला ठेवायला लागले. तिच्याकडे हाताने फिरवायचं एक शिलाई मशीन होतं. साडीच्या काठाची पट्टी, तिला चिंध्या भरलेले पोपट, कैऱ्या, मासे. हो, मासे. तोरणाला मासा लावलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. भादव्यापासून ती तोरणं शिवायची आणि दिवाळीत ज्या घरची साडी त्याच घरी तोरण करून भेट द्यायची. कुणाला सांगायची नाही, मासळी देताना पाटीतून काढून हातात ठेवायची. त्या इमारतींत तेव्हा समोरच्या दारामागे कोण राहतं हे कुणाला ठाऊक नसायचं. एका म्हाताऱ्या बाईने तोरण हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "अगं, ही तर माझ्या डोहाळजेवणाची..." आणि दारातच बसली. त्या दिवशी तिने धर्मीबायला पहिल्यांदा घरात बोलावून चहा दिला.

धर्मीबायला अक्षर येत नव्हतं. कुठल्या घरची साडी हे लक्षात राहावं म्हणून ती पट्टीच्या मागे लाल दोऱ्याच्या गाठी मारायची. आधी मजल्याच्या गाठी, मग बोटभर जागा सोडून दाराच्या. तीन आणि दोन म्हणजे तिसरा मजला, दुसरं दार. इमारत तिला कापडावरून कळायची, कशी ते तिलाच माहीत.

मी तिच्या मागे लागले होते, ही तोरणं विकू. मी विकून दाखवते. ती म्हणायची, "इकलं त मंग दाराव दुकान टांगल्यासारखं झालं." मी चिडायचे. मला तेव्हा फुकट दिलेली वस्तू डोळ्यांना खुपायची, अजूनही खुपते.

मग मला एक खोली मिळाली. तोवर झोपडीला गोणपाटाचा पडदा होता. धर्मीबाय बघायला आली, कडी दोनदा लावून पाहिली. "दार झालं नि तुझं? मंग तोरन नको?" माझ्या आईचं एक लाल लुगडं माझ्याजवळ होतं. गावाहून आणलेलं तेवढंच. कितीही अडचण आली तरी ते मी कधी सौद्यात घातलं नव्हतं. ते तिला दिलं.

त्याच वर्षी देसाई मॅडम, म्हणजे तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, धर्मीबायला म्हणाल्या, "यंदा सगळी तोरणं मंडळाच्या समारंभात देऊ. नाव पुकारू, एकेक बाई पुढे येईल, तू तुझ्या हाताने द्यायचं." धर्मीबाय हरखली. तीस तोरणं शिवली. गाठोडं बांधून मला म्हणाली, "तू तिकरंच जातेस तर पोचव. तुझंबी त्यातच हाय, एक गाठ मारलीय. काढून घे."

मी काढून घेतलं नाही. गाठोडं तसंच मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, तोरणं हवीत तर हॉलच्या दाराशी मला भांड्यांचा स्टॉल लावू द्या. मॅडम मान हलवत होत्या, सौदा जमत आला होता, अशा वेळी गाठोडं उघडायचं नाही हे माझ्या हाडात बसलेलं. माझं तोरण समारंभात घेईन, असं मनाशी म्हटलं. धर्मीबायला हा सौदा मी सांगितला नाही.

समारंभाला ती अबोलीचा गजरा माळून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मागच्या भिंतीशी उभी राहिली. मॅडमनी माइक घेतला. "आमच्या मंडळाच्या भगिनींनी टाकाऊ कापडातून केलेली ही तोरणं आपल्या मुंबईच्या पाहुण्यांना सप्रेम भेट." नाव कुणाचंच पुकारलं नाही. पाहुणे गाड्यांतून आले होते, त्यांच्या हातात एकेक तोरण गेलं. ज्यांच्या साड्या त्या बायका खुर्च्यांवर बसून बघत राहिल्या. त्यांना तरी काय कळणार? मागच्या गाठी सकाळीच कात्रीने कापल्या होत्या. "ते दोरे बरे दिसत नव्हते," मॅडमनी मला नंतर सांगितलं.

आणि मी? वाटीसाठी अर्धा तास भांडणारी मी दाराशी गप्प बसले होते. स्टॉल जोरात चालला होता. आईचं लाल लुगडं तोरण होऊन, मासा लोंबवत, कुण्या बाईच्या हातातून माझ्या समोरून गेलं तेव्हा मी उठले, पण पायात पातेली आली. बाहेर पोचले तोवर गाडी निघून गेली होती.

परत आले तर हॉल रिकामा झाला होता आणि धर्मीबाय टेबलाखाली वाकून जमिनीवरून काहीतरी गोळा करत होती.

"काय करतेस? ऊठ, चल मॅडमकडे. मी बघते तिला."

"घरं हायेत गो ती," ती म्हणाली. मुठीत लाल दोरे होते. "केरात कशी टाकू?" मग उठून पदर झटकला आणि विचारलं, "तुझा स्टॉल बरा चालला ना?"

तेवढंच. मी तिच्यावरच ओरडले, तू गप्प राहतेस म्हणून लोक तुला लुबाडतात म्हणाले. तिने ते दोरे पदराच्या टोकाला बांधले. पुढे ती मासळी विकत राहिली, माझ्याकडे चहाला येत राहिली, पण इमारतींसाठी तोरण तिने पुन्हा शिवलं नाही. मी काठ बाजूला ठेवायचे, ती म्हणायची, "राहू दे, दिसत नाय आता." डोळे चांगले होते तिचे. पाटीतली शिळी मासळी लांबून ओळखायची...

तेराव्यानंतर सुनेने मला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. आत ते दोरे. प्रत्येक वेगळा गुंडाळलेला, गाठी वर ठेवून. मी दुकानाच्या गल्ल्यावर सगळे मांडले. तीन-दोन. एक-चार. चार-एक. आणि एका दोऱ्याला एकच गाठ. मजला नाही, दाराचा नंबर नाही. जमिनीवरची खोली, एकच दार. तो दोरा मी माझ्या दारावर खिळ्याला बांधला आहे. तोरणाच्या जागी दोरा आहे आणि येणाराजाणारा विचारतो.

देसाई मॅडम, तुम्ही माझ्या दुकानापासून दोन इमारती सोडून राहता. त्या दिवशीच्या पाहुण्यांची नावं तुम्ही मंडळाच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिली होती, मी बघितलं आहे. स्टॉलसाठी मी गाठोडं न उघडता दिलं, हे मी इथे चारचौघांत सांगितलं. माझ्या वाटणीचं उत्तर झालं. आता तुमचं. वही उघडा आणि सांगा, धर्मीबायची तीस तोरणं कुणाकुणाच्या दारी गेली? आणि लाल लुगड्याचं, माशाचं तोरण कुठे आहे? मी दुकानात असते. या वेळी मला भाव करायचा नाही.