विस्टिनचे ससे

विस्टिन कमिलेरी हा माणूस मुळातच तापट. आमची साठ वर्षांची दोस्ती, पण त्यातली निम्मी वर्षं तरी त्याने माझ्याशी अबोला धरला असेल. सणाच्या मिरवणुकीत बँडवाले त्याच्या गल्लीत न थांबता पुढे गेले, म्हणून त्याने एकदा फादरना चर्चच्या पायरीवरच फैलावर घेतलं होतं. सशांवर मात्र त्याने कधी आवाज चढवला नाही. घरामागच्या दगडी खुराड्यांत तो चाळीस वर्षं ससे पाळतोय. पहाटे उठून चारा स्वतः कापून आणतो. त्याची बायको जीझा म्हणते, "मला ताप आला तर हा विचारत नाही, आणि सशीण शिंकली की डॉक्टरला फोन!"

गावातल्या मारियानूच्या खानावळीत हेच ससे जायचे. तिथे भिंतीवर विस्टिनचा भलामोठा फोटो, हातात ससा, आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या विस्टिनचे ससे'. काही ना काही निमित्त काढून विस्टिन तो बघायला जायचा. गेल्या हिवाळ्यात मारियानू म्हणाला, "काका, गिऱ्हाईक नाही, सध्या ससे नकोत." विस्टिनने ऐकून घेतलं; आम्हाला मात्र त्याने हे सांगितलंच नाही, मला ते पुढे जीझाकडून कळलं.

यंदा इम्नारियाच्या, म्हणजे आमच्याकडे ससा खायच्या सणाला मी, विस्टिन आणि आमचा तिसरा दोस्त बेर्तू दरवर्षीसारखे तिथे दुपारी जेवायला गेलो. खानावळ खच्चून भरलेली. गिऱ्हाइकाची ती गर्दी बघूनच विस्टिनच्या कपाळाला आठी पडली.

आधी सशाच्या रश्शातली स्पॅगेटी आली, मग लसूण आणि वाइन घालून परतलेला ससा. मी आणि बेर्तू तुटून पडलो.

"कमाल आहे हं विस्टिन," मी म्हणालो.

"तुझ्या सशाला तोड नाही बाबा," बेर्तूने बोटं चाटली.

विस्टिन जेवतच नव्हता. तो मांडीचं हाड उलटसुलट करून बघत होता. मग त्याने पळीने सगळं भांडं ढवळलं.

"कलेजी कुठाय? गुर्दे कुठायत?" ताजा कापलेला ससा असला की ते त्याच भांड्यात वाढायची आमची रीत आहे. "मारियानू! इकडे ये!"

सगळी खानावळ वळून बघायला लागली. मारियानू हात पुसत आला.

"हा ससा कुठला?"

"काका, जेवा ना आधी..."

"कुठला, ते विचारतोय!"

"बाहेरून येतो. गोठवलेला." मारियानूने आवाज खाली आणला. "तुम्ही आठवड्याला सहा देणार, मला साठ लागतात. काय करू?"

"काय वाटेल ते कर! पण माझं तोंड भिंतीवर टांगून हे मढं विकतोस? लाज नाही वाटत?" विस्टिनने भिंतीकडे बोट केलं. "काढ तो फोटो. आत्ताच्या आत्ता!"

मारियानू निमूटपणे खुर्चीवर चढला आणि त्याने फोटो उतरवून विस्टिनच्या हातात दिला. मला वाटलं, संपलं. विस्टिन जिंकला होता. पण तो फोटो धरून आमच्याकडे वळला.

"आणि तुम्ही? चाळीस वर्षं माझ्या घरचा ससा खाताय. पहिल्या घासाला कळलं नाही?"

बेर्तू ताटात बघायला लागला. मला मात्र राग आला. सणाचा दिवस, चारचौघांत तमाशा, आणि वर आमचीच झडती! मला खरंच काही कळलं नव्हतं, त्याचा तर जास्तच राग आला.

"अरे, ससा तो ससा! त्यात कळायचंय काय एवढं?"

आयुष्यात इतकं वाईट मी कुणाला बोललो नसेन. विस्टिन ओरडला नाही. त्याचं ते न ओरडणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने फोटो मारियानूच्या हातात परत दिला.

"लाव परत," तो म्हणाला. "माझ्याच माणसांना कळत नाही, तर या परक्या लोकांना काय कळणार?"

टोपी घेऊन तो निघून गेला.

"जा ना मागे," बेर्तू म्हणाला.

मी गेलो नाही. रागाच्या भरात ताटातला उरलेला तुकडा उचलून खाल्ला. आणि खरं सांगतो, तो मला चांगलाच लागला.